घाट उतरून आलेली बॉक्स्टर

मागच्या मे महिन्यातली दुपार. चाळीसगावात ऊन असं, की बाहेर राहिलेला पाना फडक्याशिवाय उचलवत नव्हता. कन्नड घाटाकडून एक चंदेरी गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत आली आणि माझ्या गॅरेजसमोर हँडब्रेक ओढून थांबली. बुटकी, दोन सीटची, कापडी टपाची. पोर्शे बॉक्स्टर, २००७ चं मॉडेल. माझ्याकडे येतात त्या बोलेरो, इंडिका आणि भाजीपाल्याचे पिकअप. पोऱ्यानं पुढचं बॉनेट उघडलं आणि ओरडला, "नाना, आठे ते इंजिनच नही!" इंजिन सीटच्या मागे असतं, पुढे सामानाची जागा, हे त्याला सांगेपर्यंत रस्त्यावरचे चार जण जमले होते.

चालवणारा पोरगा रावेरकडचा, घरची केळीची शेती. गाडी मुंबईहून सेकंडहँड घेतलेली, त्याआधी तीन-चार वर्षं पार्किंगमध्ये उभी. "काका, घाटात ब्रेकच गेला. पाय पार खाली." इंजिनच्या जोरावर आणि हँडब्रेकवर त्यानं उरलेली वळणं काढली होती.

मी बसून पेडल दाबलं. दगडासारखं कडक!

त्यालाही आश्चर्य वाटलं. मग म्हणाला, "लागतोय की आता. निघू का?" माझ्या धंद्यात याच वाक्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. पॅड झिजलं तर आवाज करतं, पाइप फुटला तर तेल सांडतं. ब्रेक ऑइल मात्र बिघडूनही थंड असेपर्यंत साळसूद असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ या प्रतीचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ वर येते. घाट उतरताना पोरानं पाय ब्रेकवरून काढलाच नव्हता. चाकांच्या डिस्क तापल्या, त्यांना पकडणाऱ्या कॅलिपरमधलं ऑइल उकळलं, वाफ झाली. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. निवल्यावर वाफ परत तेलात गेली आणि पेडल पुन्हा शहाण्यासारखं वागू लागलं.

पाणी मोजणारा टेस्टर पेन ब्रेक ऑइलच्या टाकीत बुडवला, लाल दिवा लागला. म्हणजे पाणी चार टक्क्यांच्या वर. तोवर त्याच्या वडिलांचा फोन. "ऑइल बदलायला गाडी ठेवून घेता?" आवाजात मी लुटारू असल्याची खात्रीच होती. मी म्हटलं, "भाऊ, विहिरीवरची मोटर हवा धरते तेव्हा नुसती फिरते, पाणी चढतं का? तसा ब्रेक झाला होता." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "पोराला रेल्वेनं पाठवा." एवढं बोलून फोन ठेवला.

पोरगा स्टेशनकडे गेला आणि आम्ही लाकडी फळ्या टाकून जॅक घुसवला. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवण्यातच अर्धा तास गेला. प्रत्येक कॅलिपरला दोन निप्पल, म्हणजे ऑइल आणि हवा काढायचे पोकळ स्क्रू, एक बाहेरून, एक आतून. एकूण आठ. सात सुटले. मागच्या डाव्या चाकाचा आतला निप्पल मात्र गंजून बसलेला. असा निप्पल जोर लावून मोडला तर कॅलिपरच उतरवायचा, आणि या गाडीचा कॅलिपर चाळीसगावात कुठून आणणार? गंज सोडणारं तेल मारायचं, हातोडीनं हलकं ठोकायचं, सोडून द्यायचं, पुन्हा मारायचं. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन आलो, पुन्हा ठोकलं. साडेपाचला अकरा नंबरच्या रिंग पान्याखाली तो किंचित हलला तेव्हा मी पोऱ्याला शिवी दिली. आनंदानं.

निघालेलं ऑइल चहाची भांडी विसळल्यासारखं, तळाशी काळी वाळू. पेडलखाली मी लाकडाचा ठोकळा ठेवला होता. तरुणपणी एका फियाटच्या ब्रेकमधली हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबत राहिलो आणि पेडलमागचा, ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर गेला. रोज पेडल जिथवर जात नाही तिथे सिलिंडरमध्ये गंज बसलेला असतो, रबरी सील त्यावरून घासून फाटतं. त्या सिलिंडरचे पैसे उस्तादानं माझ्या पगारातून कापले होते, म्हणून ठोकळा विसरत नाही. क्लचही याच टाकीतलं ऑइल पितो. त्याचा निप्पल गिअरबॉक्सच्या वर, हात जेमतेम पोचेल असा. तिथे पोऱ्याचा बारीक हात कामी आला.

मग पॉवर स्टिअरिंग. त्याच्या टाकीच्या झाकणावर तेलाचं नाव स्पष्ट छापलेलं, पेंटोसिन सीएचएफ ११एस. ते हिरवं असतं. आतून निघालं तपकिरी, कारण कुणीतरी वरून लाल गिअर ऑइल ओतलेलं. थंडीत पातळ राहणारं ते हिरवं तेल आणि हे लाल, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण टाकी रिकामी दिसली, हाताशी डबा होता, ओतला. हिरवं तेल पुण्याहून येईपर्यंत तीन दिवस गाडी घोड्यांवरच उभी. आल्यावर परतीचा पाइप सोडला, पुढची चाकं अधांतरी ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिलो. पहिले दोन डबे तपकिरीच वाहिले. पंप कोरडा पडू नये म्हणून पोऱ्या वरून ओततच होता.

चौथ्या दिवशी पहाटे मी एकटा घाटात गेलो. अर्ध्यावर चढलो, वळलो आणि येताना मुद्दाम दर वळणाला ब्रेक दाबला. पेडल शेवटपर्यंत होतं तिथेच राहिलं. पाय मात्र माझाच थरथरत होता, कारण अशी गाडी मी उभ्या आयुष्यात चालवली नव्हती.

गाडी न्यायला वडील स्वतः आले. बिल दोनदा वाचलं, जुन्या ऑइलची बाटली उजेडात धरून पाहिली आणि काही न बोलता पिशवीत टाकली. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पंप अजून थोडा कण्हतो. त्यांना सांगितलंय, पाचशे किलोमीटर चालवा आणि परत आणा, हिरवं तेल अजून एकदा बदलावं लागेल.