शालेय मानसशास्त्रात पीएचडी: घोडं अडतं शाळेच्या दारात

प्रवेशाचं गणित सोपं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार एम.ए.ला ५५ टक्के, किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क आणि एरवी ३ ते ६ वर्षं.

घोडं अडतं माहिती गोळा करताना. ठाण्यातल्या महापालिका शाळेत शिरायचं तर नैतिकता समितीची मंजुरी, शिक्षण विभागाचं पत्र, मुख्याध्यापकांचा होकार, पालकांची लेखी संमती. एवढं करून मूल ‘नको’ म्हणालं, तर तिथंच थांबायचं. त्यात गणपती, सहामाही, दिवाळी, मग दहावीची धांदल. हाती उरतात जुलै आणि डिसेंबर. दीडशे मुलं हवीत? संमतीपत्रं तीनशे वाटा. बरीचशी दप्तराच्या तळाशी, डब्याच्या तेलात भिजून जातात!

इंग्रजी चाचणी वापरायची तर हक्कधारकाची परवानगी घ्या. मराठी भाषांतर दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत करून मूळाशी ताडा, मग पंचवीस-तीस मुलांवर करून पाहा. चौथीतल्या पोराला ‘चिंता वाटते’ कळत नाही, ‘पोटात गोळा येतो’ लगेच कळतं. परदेशी मुलांचे नॉर्म्स (म्हणजे गुण ज्यांच्याशी ताडून पाहायचे ते सरासरी आकडे) मात्र ऐरोलीच्या मुलांना लावू नका, गुण फसवे निघतात.

आणि हो, नुसत्या पीएचडीने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्याला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते.