गोठलेल्या लाव्हावरून चालताना

आज हवाईच्या मोठ्या बेटावर, कोनाहून गाडीने निघालो आणि किलाउएआ इकीच्या विवरात उतरलो. आई-बाबा, आम्ही दोघं आणि लेक. १९५९ साली इथे लाव्हाचं कारंजं ५८० मीटर उंच उडालं होतं, विवरात लाव्हाचं तळंच साचलं. ते गोठून झालेल्या काळ्या जमिनीवर आम्ही चाललो! उतरताना ओलंचिंब रान, झाडाएवढे नेचे. तळाशी मात्र नुसता कातळ. भेगांमधून अजून वाफ येते, झिरपलेलं पावसाचं पाणी खालच्या उष्णतेने तापतं म्हणून. लेक वाकून बघायला गेली तर चष्मा धुरकटला. शेजारच्या भेगेत ओहियाचं गुडघ्याएवढं रोप, त्याला लालभडक फूल!

बाबांनी खडकावरून हात फिरवला. "अगं, हा तर आपल्या सह्याद्रीचाच दगड!" खरंय, दोन्हीकडे बेसॉल्टच. आपला साधारण ६.६ कोटी वर्षांचा, हा बाबांपेक्षाही लहान.

परतीचा चढ आईने कुणाचाही हात न धरता पार केला. फार अभिमान वाटला.

उद्या चेन ऑफ क्रेटर्स रोडने समुद्रापर्यंत. येणार असाल तर पाणी भरपूर घ्या, आणि रेनकोट गाडीत ठेवू नका.