रुमाल

रुमाल फेकला लेकीनं. एवढंच झालं. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली, आज चौथा दिवस, तरी माझं मन त्या रुमालापाशीच बसलंय.

सातव्या महिन्यात तीच म्हणाली होती, लव्हेंडरच्या वासानं कळा सोसवतात म्हणे. मग परतवाड्याहून तेलाची बाटली आणली. डॉक्टर मॅडमना विचारलं. पोटात घ्यायचं नाही, अंगाला तसंच लावायचं नाही, रुमालावर दोन थेंब चालतील, मळमळलं तर लगेच दूर करा. सगळं तस्संच केलं. पहाटेपर्यंत नाकाशी धरून श्वास घेत होती. मग कळा लागोपाठ यायला लागल्या आणि किंचाळलीच, "वास नोको मले! काढ ते!" रुमाल भिंतीपाशी जाऊन पडला.

इतकं का लागावं मला?

तिच्या जन्माच्या वेळी मी एकटी होते. लोखंडी टेबल आणि फिनाईलचा वास. सव्वीस वर्षं झाली, अजून कुठं फरशी पुसली की पोटात गोळा येतो. तिचे बाबा तेव्हा... जाऊ दे. वास थेट मेंदूतल्या भीतीच्या नि आठवणींच्या भागाशी जातो असं वाचलं, तेव्हा रडूच आलं. हिच्याजवळ तरी चांगला वास राहावा, एवढंच वाटत होतं. मग तो रुमाल तिच्यासाठी होता की माझ्यासाठी?

ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात १९९० ते १९९८ या काळात ८,०५८ बायांना बाळंतपणात अशी वासाची तेलं वापरायला दिली. निम्म्याहून जास्त जणींना बरं वाटलं, शंभरातल्या चौदा जणी उपयोग नाही म्हणाल्या. अशा तेलांवरच्या २०११ सालच्या आढाव्यात दोन चाचण्या होत्या, ५३५ जणींच्या. वेदना कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. कळा थांबतील असं मीही धरलं नव्हतं. भीती जरा कमी व्हावी. पहाटेपर्यंत झालीही असेल. पण फेकलाच तिनं.

आज तिला शेकत होते. बाळाला धूर नको म्हणून धुरी केली नाही, तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम केली. न राहवून विचारलंच.

"म्या फेकला? कवा वो माय?"

तिला आठवतच नाही! मी चार दिवस कुढतेय आणि तिला काहीच आठवत नाही.

"तू माही कंबर दाबून धरली होती," म्हणाली. "जराक सोडली का लय दुखे. तेवढं याद आहे मले."

हे मीच विसरले होते. डावा अंगठा अजून ठणकतो. मला वाटलं दळणाचा डबा उचलताना लचकला.

रुमाल बाळाच्या कपड्यांत नको म्हणून वेगळा धुतला. दोनदा धुतला तरी वास जात नाही. तारेच्या टोकाला वाळत घातलाय.