हरकतीचं कारण

विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायला आलेल्या जोडप्याला पहिल्या भेटीत मी प्रेमाबिमाबद्दल काही विचारत नाही. आधार कार्डावर पत्ता कुठला आहे, एवढंच विचारते. १९५४ च्या या कायद्यानुसार दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेला असला की नोटीस देता येते. पण कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर नोटिशीची एक प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फलकावर लागते. पुण्याच्या गर्दीत कुणाच्या लक्षातही न आलेली गोष्ट अशी सरकारी टपालानं गावी पोचते. वकिलीत या एका तरतुदीपायी झालेली पळापळ मी पुष्कळ पाहिली आहे.

या मुलीचा कायमचा पत्ता सांगली जिल्ह्यातला होता. (ओळख पटेल असे बाकीचे तपशील मी बदलले आहेत.) मी तिला सगळं समजावून सांगितलं तर म्हणाली, "जाऊ दे मॅडम, कधीतरी कळायचंच आहे. आईला माहितीये. मामाला नाही."

मुलगा केनियाचा, न्येरीकडचा, किकुयू जमातीचा. पुण्यात संख्याशास्त्रात पीएचडी करत होता. रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालता येईल एवढं मराठी त्याला येत होतं, आणि पुण्यात तेवढं पुरतं. घर शोधतानाचे त्याचे किस्से ऐकण्यासारखे होते. फोनवर सगळं ठरायचं आणि दारात उभा राहिला की खोली "कालच गेली" असायची. परदेशी भाडेकरू ठेवला की घरमालकाला २४ तासांत त्याची माहिती सरकारला देणारा फॉर्म भरावा लागतो, ती कटकट नको, असं कारण त्याला अनेकांनी दिलं. चाकणच्या कारखान्यांत येणाऱ्या जर्मन इंजिनियरांसाठीही तोच फॉर्म भरावा लागतो. त्यांना घरं मिळतात.

नोटीस लागून दोन-तीन आठवडे झाले असतील. एका सकाळी विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून फोन आला, "मॅडम, तुमच्या केनियाच्या केसमध्ये हरकत आलीय. या जरा." मी पोचले तेव्हा मामा विवाह अधिकारी साहेबांच्या टेबलासमोर बसलेले होते. पांढरा शर्ट, पांढरी विजार, हातात टाइप करून आणलेला अर्ज, मागं गावाकडची दोन माणसं. मुलगी लहान असतानाच वडील गेलेले. पुढं तिला वाढवली ती या मामांनी. फी त्यांनी भरली, इंजिनियरिंगच्या प्रवेशाच्या वेळी रांगेत तेच उभे राहिले. त्यामुळे ते नुसते आडवे आलेले नातेवाईक होते असं मी म्हणणार नाही.

अर्ज मी वाचला. सदर विवाहामुळे कुटुंबाची सामाजिक प्रतिष्ठा धुळीस मिळणार असून मुलीच्या भवितव्यास धोका आहे, करिता विवाहास परवानगी देऊ नये.

साहेबांनी चष्मा काढला. "हे बघा, हरकत कुणालाही घेता येते. पण कारणं ठरलेली आहेत. दोघांपैकी कुणाचा जोडीदार हयात आहे, कुणी संमती देण्याच्या मनःस्थितीत नाही, वय कमी आहे, नाहीतर जवळच्या निषिद्ध नात्यातले आहेत. यातलं काय आहे?"

मामांनी मागच्या माणसाकडं पाहिलं. तो खाली वाकून कानाशी काही बोलला.

"त्याचं तिकडं लग्न झालंय."

"पुरावा?"

"त्यांच्यात चार-चार करत्यात साहेब. कायदाच हाय तसा त्यांचा."

हे अगदीच हवेतलं नव्हतं. केनियाच्या २०१४ च्या विवाह कायद्यात रूढीनं झालेल्या लग्नात पुरुषाला एकाहून जास्त बायका करता येतात. त्यामुळेच मी नोटीस देण्याआधी नैरोबीच्या विवाह निबंधकाकडून मुलगा अविवाहित असल्याचा दाखला मागवला होता. तो मी टेबलावर ठेवला. मामांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "कागद काय, कुणीबी करतंय." जमिनीच्या व्यवहारात आयुष्य गेलेल्या माणसाचा कागदावर इतका अविश्वास असणं मला समजू शकतं.

साहेब शांत माणूस. या कायद्यात एक गंमत आहे. तोंडी हरकतही अधिकाऱ्यानं नोटिशीच्या वहीत लिहायची असते, लिहिलेलं हरकतदाराला वाचून, समजावून सांगायचं असतं आणि मग त्यावर त्याची सही घ्यायची असते. साहेबांनी वही उघडली, पेन घेतलं. "बोला मामा. तुम्ही जे बोलाल ते शब्दन् शब्द लिहितो."

"लिवा, नवरामुलगा आफ्रिकेचा हाय..."

"वर आफ्रिकन असल्याने," साहेब लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "पुढं?"

"थांबा. तसं नका लिवू."

"मग कसं लिहू?"

"रंगाचं न्हाई हो साहेब आमचं काय."

रंगाचं तोवर त्या खोलीत कुणीच काही बोललं नव्हतं.

शेवटी वहीत एवढंच लिहिलं गेलं की वराचा पूर्वीचा विवाह झालेला असल्याचा संशय आहे. मामांनी सही केली. साहेबांनी चौकशीची तारीख दिली आणि तोवर लग्न लागणार नाही असं आम्हाला सांगितलं. चौकशीसाठी कायद्यानं त्यांना ३० दिवस मिळतात.

दक्षिण आफ्रिकेत १९४९ पासून १९८५ पर्यंत गोऱ्यांनी इतर वर्णाच्या माणसांशी लग्न करायला कायद्यानंच बंदी होती. आपल्या कायद्यात वंशाचा रकानाच नाही. त्यामुळे आपल्याकडं खरी हरकत वहीत येतच नाही. ती व्हरांड्यात येते.

व्हरांड्यात मी मामांना विचारलं. मुलीकडून मला कळलं होतं की तिच्या चुलतबहिणीचा नवरा जर्मन आहे, लग्न गावात मांडव घालून झालं होतं, वरात निघाली होती आणि त्या जर्मनाच्या डोक्याला फेटा खुद्द मामांनी बांधला होता. पेपरात 'परदेशी जावई' म्हणून फोटोसुद्धा आला होता.

"त्यो वेगळा," मामा म्हणाले.

"काय वेगळं?"

"इंजिनियर हाय त्यो."

"हा डॉक्टरेट करतोय."

ते गप्प झाले. मग गावाकडच्या माणसांना चहाला पाठवून हळू आवाजात म्हणाले, "वकीलबाई, खरं सांगू? पोरं कशी व्हतील, हा इचार येतुया. गावात त्यास्नी काय काय म्हंतील. तुमी पुण्यात ऱ्हाता, तुमाला काय."

खरं कारण हे. आणि ते काळजीच्या भाषेत आलं म्हणून मी त्याला निव्वळ काळजी म्हणायला तयार नाही. गाव काय म्हणेल याची त्यांना भीती होती, आणि त्या गावात ते स्वतः होतेच. परदेशी जावई आपल्याला चालतो का, हा प्रश्नच फसवा आहे. गोरा आला तर घराची पत वाढते, काळा आला तर वकिलाकडं धाव. पुण्यात हे चालत नाही असंही नाही. इथं फक्त इंग्रजीत बोलतात.

गोरेपण तरी केव्हापासून चालायला लागलं? १९२८ साली इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी अमेरिकेच्या नॅन्सी मिलरशी लग्न केलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. डॉ. कुर्तकोटी शंकराचार्यांनी तिला हिंदू धर्मात घेतलं, धनगर समाजातल्या एका घरानं दत्तक घेतलं, शर्मिष्ठा नाव ठेवलं, तेव्हा कुठं बडवाहला लग्न लागलं. गोरी असणं तेव्हा आड येत होतं. म्हणजे 'आमच्यात चालत नाही' ही यादीही दर दोन पिढ्यांनी बदलते.

मी हे मामांना सांगितलं नाही. तेवढ्यात जिन्यावरून मुलगा आणि त्याचे काका वर आले.

काका आपल्या बायकोच्या ऑपरेशनसाठी मुंबईत आले होते. केनियातून असे बरेच रुग्ण येतात. पुतण्या लग्न करतोय हे त्यांना मुंबईत उतरल्यावर कळलं होतं, आणि ते आशीर्वाद द्यायला आलेत असा माझा समज होता. त्यांनी टोपी काढली, मला नमस्कार केला आणि इंग्रजीत म्हणाले, "हे लग्न असं होऊ शकत नाही."

एका दिवसात दुसरी हरकत!

मुलगा ओशाळला. मुलगी अजून खाली दुचाकी लावत होती. मामा माझ्याकडं बघायला लागले. "काय म्हंत्यात?" मी सांगितलं. मामांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. आपल्याच बाजूचा माणूस भेटला असं त्यांना वाटलं असावं.

पण काकांचं म्हणणं वेगळंच होतं. मुलगी भारतीय आहे, याचं त्यांना काही नव्हतं. तिच्या घरच्या वडीलधाऱ्यांना भेटल्याशिवाय, रुराचिओ दिल्याशिवाय पोरगी घरात आणायची म्हणजे ती चोरून आणल्यासारखं. त्यांच्याकडं मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जायचं, बोलणी करायची आणि मुलीच्या माणसांना द्यायचं असतं. पूर्वी शेळ्या देत, आता बहुतेक पैसे. हे देणं एकदम फेडून टाकायचं नसतं म्हणे. फेडून मोकळं झालं की सोयरीकच संपली असा अर्थ होतो. सरकारी कार्यालयात दोन सह्या आणि तीन साक्षीदार, याला ते लग्न मानायलाच तयार नव्हते.

"आणि दुसरं," ते म्हणाले आणि आवाज चढला. तरुणपणी त्यांनी एका भारतीयाच्या हार्डवेअरच्या दुकानात काम केलं होतं. मालक वाईट नव्हता, पगार वेळेवर द्यायचा, पण वीस वर्षांत घराच्या उंबऱ्याच्या आत त्यानं यांना घेतलं नाही. "तुमची माणसं रेल्वे बांधायला आली, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. २०१७ मध्ये आमच्या सरकारनं तुम्हाला देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. जमात झालात, सोयरे कधी होणार? आणि आता एक पोरगी येतेय तीही अशी, मागच्या दारानं?"

हे सगळं मी मामांना मराठीत सांगत होते. माझी फी या कामासाठी नव्हती, पण दुसरं कोण सांगणार? मामा ऐकत राहिले. रुराचिओचं ऐकून म्हणाले, "म्हंजी देज. आमच्या आजीच्या लग्नात दिलं हुतं म्हंत्यात. आता कोन घेतंय? पोरगी इकली म्हंतील." काकांना मी हे सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "मग तुम्ही काय करता?" हुंडा हा विषय आला की आमची सगळ्यांचीच जीभ अडखळते. मी दोन वाक्यांत उरकलं. मुलीच्या घरच्यांनी मुलगीही द्यायची आणि वर पैसेही, हे ऐकून काका इतके मनापासून हसले की खालून वर आलेली मुलगी दचकली.

मग त्यांनी एक व्यावहारिक शंका काढली. ही पोरगी तिकडं आली तर खाणार काय? तुम्ही लोक तर मांस खात नाही. केनियातले भारतीय बहुतेक गुजराती, तेव्हा त्यांचा हा समज होणं साहजिक होतं. पण मामा केवढे दुखावले! "आमी? शाकाहारी? ह्यांना सांगा, आमच्याकडं जत्रंला बोकड पडत्यात." मी सांगितलं. काकांनी न्यामा चोमा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं शेळीचं मांस कसं करतात, ते सांगितलं. मामांनी मसाला कुठला लावता, असं विचारलं. नुसतं मीठ, हे ऐकून त्यांना या लोकांची पहिल्यांदा खरी दया आली.

जाण्याआधी काकांनी मुलीच्या वडिलांचं नाव विचारलं. ते हयात नाहीत, असं मी म्हटलं. काका म्हणाले, तरी पाहिजे. किकुयूंमध्ये पहिल्या मुलाला बापाच्या वडिलांचं नाव ठेवतात आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. मुलींचंही तसंच, आधी बापाच्या आईचं, मग आईच्या आईचं. तेव्हा नाव नीट उच्चारता यायला हवं. मामांनी आपल्या मेव्हण्याचं नाव सांगितलं, पूर्ण, गावासकट. काकांनी दोनदा म्हणून पाहिलं. मामांनी एकदा उच्चार दुरुस्त केला. मुलीचे डोळे भरले. मामा मात्र घड्याळ बघत "गाडी हाय आमची" म्हणून निघाले. हरकत मागं घेतली नाही.

चौकशीच्या तारखेला मामा आले नाहीत, पुरावाही आला नाही. साहेबांनी हरकत फेटाळली. हरकत वाजवी नसेल आणि सद्‌भावनेनं घेतलेली नसेल तर हजार रुपयांपर्यंत भरपाई लावता येते. साहेबांनी विचारलं, मुलगी नको म्हणाली. लग्न लागलं. साक्षीदार तिघं, मुलीची आई, तिची ऑफिसमधली मैत्रीण आणि काका. "होऊ शकत नाही" म्हणणाऱ्या काकांनी सगळ्यात मोठी सही केली आणि वर बजावलं की त्यांच्या लेखी ही नुसती सुरुवात आहे.

काही महिन्यांनी मामांचा फोन आला. केनियाहून मंडळी यायची म्हणतायत, बोलणी करायला. आली तर येऊ देत. "पर गावात नको. पुण्यात एखादा हॉल घ्या म्हनावं, मी येतो." निरोप मी मुलीला दिला. ती म्हणाली, "जर्मन दाजींची वरात गावातून निघाली होती ना मॅडम? मग आमचीही माणसं गावातच येतील." नवऱ्यानं तिला समजावून पाहिलं, हॉल तर हॉल. आई म्हणाली, एवढं तरी कबूल केलंय त्यानं. मुलगी ऐकत नाही, आणि ती चुकतेय असं मला वाटत नाही. काका नैरोबीहून मला मेसेज पाठवून तारीख विचारतात. मी त्यांना मामांचा नंबर देऊन टाकलाय.