एका फ्लॉपीत मावणारं बीजगणित: डिराइव्ह वापरताना

५१२ केबी मेमरी आणि एक फ्लॉपी ड्राइव्ह, एवढ्यावर डिराइव्ह हे अक्षरांसकट बीजगणित, विकलन, संकलन करणारं सॉफ्टवेअर चालतं. होनोलुलूच्या सॉफ्ट वेअरहाउसने, म्हणजे डेव्हिड स्टाउटमायर आणि अल्बर्ट रिच यांनी, ते १९८८ मध्ये बाजारात आणलं. त्याच वर्षी आलेल्या मॅथेमॅटिका या अशाच सॉफ्टवेअरला काही मेगाबाइट मेमरी हवी होती, त्यामुळे घरच्या मशीनवर त्याचा विचारच नव्हता. याच दोघांचं आधीचं म्यूमॅथ आठ बिटांच्या मशीनवरही चाले, पण त्यात प्रत्येक आज्ञा अचूक टाइप करावी लागे. डिराइव्हमध्ये मेनू आहे. मी ते ६४० केबीच्या एक्सटी पीसीवर, हार्ड डिस्कशिवाय वापरलं. पुढे लिहिलंय ते डॉसवरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांबद्दल.

आधी डॉसच्या डिस्ककॉपी आज्ञेने मूळ फ्लॉपीची प्रत काढा, मूळ फ्लॉपीच्या खाचेवर चिकटपट्टी लावून ती बाजूला ठेवा आणि आपलं काम दुसऱ्या फ्लॉपीवर साठवा.

मेनूतल्या शब्दात जे अक्षर मोठं दिसतं ते दाबायचं. ते नेहमी पहिलंच असेल असं नाही. सिम्प्लिफायने एस घेतलाय म्हणून सॉल्व्हला एल, ऑथरने ए घेतलाय म्हणून अप्रॉक्सला एक्स. अर्ध्या तासात बोटांना सवय होते. ऑथर करून पदावली टाइप केली की ती पुस्तकातल्यासारखी, अपूर्णांक वर-खाली मांडून, क्रमांकासकट पडद्यावर येते. ही मांडणी प्रत्येक वेळी वाचा. कंस न देता एक्स+१/एक्स-१ लिहिलं तर मधला १/एक्स एवढाच अपूर्णांक दिसतो आणि चूक तिथेच कळते. सिम्प्लिफाय त्यानंतर. आधीची पदावली नव्या ओळीत घ्यायची असेल तर ती उजळून एफ३ दाबा, कंसासकट हवी असेल तर एफ४.

माझ्या अनुभवात चुकीची वाटणारी बहुतेक उत्तरं गणिताची नसतात, आपण काय लिहिलं आणि काय सांगायचं राहिलं त्याची असतात. ठळक उदाहरण ई या अक्षराचं. साधा ई म्हणजे एक चल. ईचा एक्सवा घात असं लिहून विकलन केलं तर उत्तरात एलएन(ई) हा जादा गुणक येतो. नैसर्गिक लॉगचा पाया हवा असेल तर ऑल्ट धरून ई दाबायचा, मग अक्षरावर टोपी दिसते. पायसाठी ऑल्ट आणि पी, वर्गमूळाच्या चिन्हासाठी ऑल्ट आणि क्यू.

दुसरी गोष्ट चलांच्या नावांची. सुरुवातीला प्रत्येक अक्षर हे स्वतंत्र चल धरलं जातं. एम-ए-एस-एस असं वस्तुमानाचं नाव दिलं की त्याचा एम गुणिले ए गुणिले एसचा वर्ग होतो. ऑप्शन्समध्ये इनपुटला जाऊन कॅरेक्टरऐवजी वर्ड निवडा. मग मात्र दोन चलांचा गुणाकार लिहिताना मध्ये जागा किंवा गुणिलेचं चिन्ह विसरू नका.

एक्सच्या वर्गाचं वर्गमूळ काढलं की डिराइव्ह एक्सचं केवलमूल्य देतं, आणि ते बरोबरच आहे, कारण एक्स ऋण असू शकतो. तो धन आहे हे तुम्हाला माहीत असेल तर डिक्लेअरमध्ये तसं सांगा, मग नुसता एक्स मिळतो. उणे ८ च्या घनमूळाचंही तसंच: उणे २ ऐवजी १ अधिक आय गुणिले वर्गमूळ ३ अशी संमिश्र संख्या येते. मॅनेजमधल्या ब्रँचला रिअल केलं की उणे २ येतं. या दोन्ही ठिकाणी सॉफ्टवेअरची काटेकोर वागणूक मला मनापासून आवडते. वर्गमूळ आणि वर्ग डोळे झाकून छाटायची आपली सवय त्यामुळे मोडते.

फॅक्टर किती खोल जायचं ते विचारतं. रॅशनल निवडलं तर एक्स वर्ग वजा २ तसंच राहतं, रॅडिकल निवडलं तर करणीसह दोन अवयव मिळतात, आणि एक्स वर्ग अधिक १ साठी कॉम्प्लेक्सच लागतं. आंशिक अपूर्णांकांची वेगळी आज्ञा शोधत बसू नका, ते काम एक्स्पांड करतं. संकलनात मर्यादा रिकाम्या सोडून एंटर दाबलं की अनिश्चित संकलन होतं, पण स्थिरांक लिहिला जात नाही. तो आपण जोडायचा.

पाचव्या घाताचं समीकरण सॉल्व्हला अचूक सुटलं नाही तर प्रिसिजन अप्रॉक्सिमेट करा. आता ते खालची आणि वरची मर्यादा विचारतं, आणि आपण बदलल्या नाहीत तर उणे १० ते १० धरतं. त्या पट्ट्यातलं एकच मूळ मिळतं. म्हणून आधी आलेख काढून एक्स अक्ष कुठे कुठे छेदला जातो ते बघा आणि प्रत्येक मुळासाठी वेगळा अरुंद पट्टा द्या. प्लॉट दोनदा द्यावं लागतं, पहिल्याने खिडकी उघडते, दुसऱ्याने आलेख उमटतो. पडदा टेक्स्टमध्ये असेल तर ऑप्शन्समधल्या डिस्प्लेत ग्राफिक्स निवडा. एफ९ ने जवळ, एफ१० ने लांब.

पडद्याच्या तळाशी ‘फ्री’पुढे मोकळ्या मेमरीचे टक्के दिसतात, त्यांच्यावर नजर ठेवा. १०० चा फॅक्टोरिअल, पूर्ण १५८ अंकी, त्याला जड नाही. एक्स, वाय, झेडच्या बेरजेचा २० वा घात उलगडला तर २३१ पदं होतात, तेही चालतं. पण सगळ्या जागी वेगवेगळी अक्षरं असलेला निश्चयक घातला तर पाच ओळींना १२० पदं आणि सात ओळींना ५०४० पदं होतात. तिथे मेमरी आटते. शक्य तितक्या जागी आकडे घाला, आणि नको असलेल्या पदावल्या रिमूव्हने काढून टाका. मोजणी लांबली तर एस्केपने थांबवता येते.

विकलक समीकरणांची सूत्रं ओडीई१.एमटीएच या फाइलमध्ये असतात. ती ट्रान्सफर, लोड, युटिलिटी अशा मार्गाने आणा, म्हणजे आतल्या व्याख्या पडद्यावर गर्दी करत नाहीत. एमटीएच फाइल साध्या मजकुराची असते, त्यामुळे कोणत्याही एडिटरमध्ये उघडून आपली सूत्रं तिच्यात लिहिता येतात. माझी नेहमीची दहा-बारा सूत्रं मी अशाच एका फाइलमध्ये ठेवली आहेत.