क्वेंकाच्या कड्यावरून आणलेलं चित्र

माद्रिदहून वेगवान गाडीनं तासाभरात क्वेंकाला उतरले आणि फलाटावरची पाटी वाचून तिथेच थांबले. स्टेशनचं नाव क्वेंका-फेर्नांदो सोबेल. चित्रकाराच्या नावाचं स्टेशन! मी आले होते ती त्याच्यासाठीच.

सोबेलचा जन्म १९२४चा, मनिलामधला. स्पेनमध्ये आल्यावर तो आपल्याच पिढीच्या अमूर्त चित्रकारांची कामं विकत घेऊ लागला. हुकूमशहा फ्रँकोची राजवट होती आणि खास अशा अमूर्त चित्रांसाठीचं संग्रहालय देशात नव्हतं. गुस्ताव्हो तोर्नेर हा चित्रकार मूळचा क्वेंकाचा. त्यानं आपल्या गावातली जागा सुचवली: ऊएकार नदीच्या घळीवर लाकडी सज्जे काढून लटकणारी जुनी घरं. १९६६ साली तिथे स्पॅनिश अमूर्त कलेचं संग्रहालय उघडलं.

मी समोरून, सान पाब्लोच्या लोखंडी पुलावरून गेले. पायाखाली फळ्या, त्याखाली खोल घळ. पहिल्याच फेरीत चित्रकार आंतोनियो साउराचं १९५९चं ‘ब्रिजित बार्दो’ समोर आलं. सुंदर नटीचं नाव आणि कॅनव्हासवर काळ्या-पांढऱ्या फटकाऱ्यांनी ओरबाडलेला चेहरा. बराच वेळ मला तिथून हलवेना.

पण खरं गुंतवलं ते छापचित्रांनी. आपल्या पिढीची कला सामान्य माणसाच्याही भिंतीवर जावी, ही सोबेलची मनापासूनची इच्छा. म्हणून संग्रहालयानं सुरुवातीपासूनच सेरिग्राफच्या मर्यादित आवृत्त्या काढल्या. सेरिग्राफ म्हणजे आपलं स्क्रीन प्रिंटिंग. पुण्यात काकांच्या कारखान्यात लग्नपत्रिका छापताना मी लहानपणापासून पाहिलंय: ताणलेली जाळी, शाई ओढणाऱ्या रबरी पट्टीचा, स्क्वीजीचा, एकसारखा दाब, प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन. दुसरा रंग केसभर सरकला की काका तो कागद बाजूला टाकायचे. एउसेबियो सेम्पेरे आणि आबेल मार्तिन हे दोन स्पॅनिश कलाकार पॅरिसमध्ये हे तंत्र शिकले आणि त्यांनी ते स्पेनमध्ये रुजवलं. सेम्पेरेच्या रेषा सुतासारख्या बारीक, एकमेकींना खेटून, पण कुठेही चिकटलेल्या नाहीत. काकांना हे दाखवायला हवं होतं.

छापचित्राला ‘नक्कल’ म्हणणाऱ्यांशी मी भांडते. मूळ चित्राचा फोटो काढून छापलेलं पोस्टर वेगळं. इथे चित्रकारानं काम जाळीसाठी, दगडासाठी किंवा तांब्याच्या पत्र्यासाठीच योजलेलं असतं. छापल्याशिवाय ते चित्र पुरंच होत नाही. खाली डावीकडे पेन्सिलीनं क्रमांक, उजवीकडे सही. ३४/७५ म्हणजे पंचाहत्तरांतली चौतिसावी प्रत. ‘पी. ए.’ लिहिलेलं असेल तर ती चित्रकारानं स्वतःसाठी ठेवलेली प्रत. आवृत्ती संपली की बऱ्याचदा पत्र्यावर ओरखडा मारून तो बाद करतात.

पत्रा असा बाद का करतात, ते आदल्या दिवशी माद्रिदमध्ये कळलं होतं. सान फेर्नांदो अकादमीत स्पॅनिश चित्रकार गोयाचे तांब्याचे पत्रे जपलेत. ‘काप्रिचोस’ या छापचित्रमालिकेची ८० चित्रं त्यानं १७९९मध्ये विकायला ठेवली, तीही अत्तरं आणि मद्य विकणाऱ्या दुकानात. फारशी खपली नाहीत. १८०३मध्ये पत्रे आणि उरलेले २४० संच त्यानं राजाला दिले, मुलाला वर्षासन मिळावं म्हणून. गोया गेल्यावरही त्या पत्र्यांवरून छपाई चालूच राहिली. पत्रे झिजले, बारीक छटा फिकट झाल्या. म्हणून गोया घेताना प्रत कोणत्या छपाईची, हा पहिला प्रश्न.

परतण्याआधी क्वेंकातल्या एका छोट्या दालनात मी एका तरुण चित्रकर्तीचा सेरिग्राफ घेतला. दोनच रंग, राखाडी आणि गेरू. दालनातल्या बाईंनी कागद उजेडाकडे तिरका धरला आणि शाईचा उंचावलेला थर दाखवला. माझं बोट आपसूक पुढे गेलं, त्यांनी हसून हातमोजा दिला.

पुण्यात फ्रेमवाल्यांनी सवयीनं विचारलं, “ताई, कडेचं पांढरं कापून टाकू? फ्रेम छोटी होईल.”

“नाही हो दादा, त्या पांढऱ्यातच तिची सही आहे.”

त्यांनी चष्मा लावून पेन्सिलीची अक्षरं वाचली आणि कात्री बाजूला ठेवली. आता चित्र पूर्वेच्या भिंतीवर आहे, ऊन आणि पावसाळी ओल दोन्हीपासून लांब.