खिडकीतली फुलं

मागच्या नोव्हेंबरात आमच्या तळघरात आंबूस वास यायला लागला. मला वाटलं, लोणच्याची एखादी बरणी बिघडली. सगळ्या बरण्या उघडून बघितल्या, लोणचं ठणठणीत. दोन दिवसांनी हे खाली उतरले, जिन्यातच थांबले, नाक वर करून म्हणाले, "अॅसिटेट आहे. फिल्म मरायला लागलीय."

ह्यांना वासावरून कळलं, कारण ह्यांची उभी हयात फिल्ममध्ये गेली. आमचं गाव रॉचेस्टर. न्यूयॉर्क राज्यातलं, पण न्यूयॉर्क शहरापासून मोटारीने साडेपाच तास लांब, ऑन्टारिओ सरोवराच्या काठी. इथे कॅमेऱ्याची फिल्म बनवणारी कोडॅक कंपनी जन्मली आणि वाढली. १९८२ साली या एका गावात कोडॅकचे साठ हजार लोक कामाला होते. मार्चमध्ये बोनस वाटला जायचा तेव्हा गावातले मोटारविक्रेते आपल्याकडच्या दिवाळीसारख्या जाहिराती द्यायचे. फिल्म बनते ती अंधारात, त्यामुळे ह्यांची कित्येक वर्षं काळोखात चाचपत काम करण्यात गेली. अजूनही रात्री पाणी प्यायला उठले तर दिवा लावत नाहीत. मी मात्र अजून टेबलाला ठेचकाळते.

तर मरायला लागले होते ते सुपर एटच्या घरगुती सिनेमांचे डबे. जुन्या फिल्मची पट्टी अॅसिटेटची असते. दमट, उबदार जागी ती विघटित होते, तिच्यातून व्हिनेगरचं आम्ल सुटतं, आणि डबा घट्ट बंद असेल तर ते आम्ल आतच कोंडून नासण्याचा वेग आणखी वाढवतं. वर शेजारच्या डब्यालाही लागण होते. म्हणजे आम्ही जे जपून, हवा न लागता, तळघरात ठेवलं होतं, ते नेमकं जपण्यानेच गेलं. चार डबे टाकावे लागले. ते बाहेर नेताना हे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

आवरायचं तसंही होतंच. मी त्र्याहत्तर, हे अठ्ठ्याहत्तर. जिना आणि बर्फाचं फावडं, दोन्ही आता झेपत नाही. एकमजली लहान घर बघून ठेवलंय. मुलगा सिएटलला, त्याला फोन केला तर म्हणाला, "आई, मला एकच बॉक्स. बूटांचा असतो ना, तेवढा." त्याला राग येईल म्हणून मी हसले. नंतर मलाच राग आला.

इथलं निवृत्तीतलं आयुष्य तुम्हाला वाटतं तसं समुद्रकाठी खुर्ची टाकून बसण्याचं नसतं. थंडीत आम्ही सकाळी मॉलमध्ये चालायला जातो. दुकानं उघडायच्या आधी तिथे आमच्यासारखे म्हातारे गोल गोल फिरत असतात, प्रदक्षिणाच म्हणा. मंगळवारी मी वाचनालयात पुस्तकं लावायला जाते. पंधरा ऑक्टोबर ते सात डिसेंबर हा मेडिकेअरची, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याची, योजना बदलण्याचा काळ, तेव्हा टपालपेटीत रोज विमा कंपन्यांच्या जाहिरातींचा गठ्ठा. आपल्याकडे चातुर्मास, इकडे हा. आणि गेल्या हिवाळ्यापासून गुरुवार ठरला आवराआवरीचा.

भांड्यांपासून सुरुवात केली, कारण फोटोंना हात लावायची हिंमत होत नव्हती. मे महिन्यात गराज सेल मांडला. म्हणजे घरासमोरच्या वाटेवर टेबलं टाकून आपलाच संसार डॉलर-दोन डॉलरला विकायला बसायचं. माझं पितळेचं मोठं पातेलं एका बाईने झाड लावायला नेलं. मी सांगितलं, यात पन्नास माणसांची आमटी होते. ती म्हणाली, "ओह, लव्हली," आणि तळाला भोकं पाडता येतील का ते विचारलं. पाच डॉलर घेतले आणि आत जाऊन चहा केला.

पुरणयंत्राला मात्र चांगलं घर मिळालं. शेजारीण ते हातात घेऊन लगेच फिरवायला लागली. तिच्या आजीकडे असंच होतं म्हणे, सफरचंदं शिजवून गाळायला. आमच्या भागात सरोवराच्या काठाने मैलोन्‌मैल सफरचंदाच्या बागा आहेत, शरद ऋतूत घरोघरी त्याचा रस्सा, म्हणजे अॅपलसॉस करतात. माझ्या आईने १९७६ साली सामानात कोंबलेलं ते यंत्र, गेल्या आठवड्यात त्यातून गाळलेल्या सॉसची बाटली माझ्या दारात आली. दालचिनी जरा जास्त होती. वेलदोडा सुचवणार आहे.

मग स्लाइड, म्हणजे प्रोजेक्टरने भिंतीवर पाडून बघायचे फिल्मच्या तुकड्यावरचे फोटो. प्रोजेक्टरच्या एका गोल ट्रेमध्ये ऐंशी स्लाइड बसतात आणि आमच्याकडे असे एकवीस ट्रे. ह्यांनी प्रत्येकावर नंबर घातलेला, आत काय आहे ते एकाही वहीत नाही. पण एक सोय होती. कोडॅक्रोम ही कोडॅकची रंगीत स्लाइडची फिल्म, तिच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर धुलाईचा महिना आणि वर्ष छापलेलं असायचं. शिवाय अंधारात ठेवलेल्या कोडॅक्रोमचा रंग फारसा उडत नाही. माझं लग्नातलं लुगडं आजही तसंच मोरपंखी दिसतं, मी काही तशी दिसत नाही. ही फिल्म धुणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा कॅन्ससमधल्या पार्सन्स गावात होती. ३० डिसेंबर २०१० नंतर तिनेही रोल घेणं थांबवलं. त्या दिवशी हे सुतकात असल्यासारखे बसून होते. त्याआधी २००७ साली कंपनीने आपल्याच जुन्या इमारती सुरुंग लावून पाडल्या, तेव्हा बघायला गेलो होतो. तेव्हाही इतके गप्प नव्हते.

आता सांगलीकडची बाजू. २०१९च्या पुरात गावभागातल्या आमच्या सासरच्या घरात खालचा मजला पूर्ण पाण्यात गेला. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक तेवढी वाचली. वन्सं आता मुलाकडे पुण्याला राहायला चालल्यात, त्यांनीही ट्रंक उघडली आणि व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायला लागल्या. सांगलीत प्रोजेक्टर कुठून आणणार, म्हणून आम्ही स्लाइडवरून प्रिंट काढून घरी पाठवायचो. ते प्रिंट सगळे तिथे होते. पन्नास वर्षांत लालसर पडलेले, पण एकही हरवलेला नाही.

तर गुरुवारी दुपारी भिंतीवर स्लाइड आणि हातात फोनवर सांगलीचा प्रिंट, असा आमचा जोडी लावायचा खेळ सुरू झाला. जोड्या लागेनात. एकवीस ट्रेमधल्या शेकडो स्लाइड, आणि सांगलीला गेलेले फोटो जेमतेम साठ. कुठले गेले आणि कुठले राहिले, ते बघताना मला आधी हसू आलं.

गेलेला फोटो : हे कोट घालून निळ्या मोटारीला टेकून उभे. सासऱ्यांनी तो बैठकीत लावला होता म्हणे. त्याच रोलमधली पुढची स्लाइड, जी गेली नाही : तीच मोटार, तिच्या दारात आमचे घरमालक किल्ल्या नाचवत हसतायत. आमची पहिली मोटार त्यानंतर दीड वर्षाने आली. गेलेला फोटो : फ्रीजचं दार उघडं ठेवून मी उभी. न गेलेला : तेव्हा आम्ही राहायचो ती तळघरातली खोली, जिची खिडकी जमिनीच्या पातळीवर होती आणि थंडीभर बर्फाने बुजलेली असायची. १९७७च्या जानेवारीत शेजारच्या बफेलोला ते मोठं हिमवादळ झालं, तेव्हाची एक स्लाइड आहे. ह्यांचा कोट आणि मफलर घालून मी फावड्याने वाट काढतेय, तोंड रडवेलं. ही पाठवायचा विचारसुद्धा मनात आला नसणार. मी आईला लिहिलं होतं, "बर्फ फार सुंदर दिसतं."

मुलाच्या बूटांच्या बॉक्समध्ये मी ही न पाठवलेलीच घातली. निळ्या मोटारीची गोष्ट त्याला पाठ आहे, हे दर दिवाळीला सांगतात. रडवेलं तोंड त्याने बघितलेलं नाही.

आणि मग सतराव्या ट्रेमध्ये माझी पहिली संक्रांत निघाली. काळी चंद्रकळा, अंगावर हलव्याचे दागिने, मागे खिडकी. सासूबाईंनी दागिने हौसेने घरी करून पार्सलने पाठवले होते. बोटीने. संक्रांत आली, गेली, पार्सलचा पत्ता नाही. पत्र मात्र मी वेळेवर टाकलं, दागिने पोचले, घातले, सगळ्यांनी कौतुक केलं. आता हे "सगळे" म्हणजे कोण, तर आमचे हे आणि घरमालक. पार्सल आलं मे महिन्यात. हलवा अर्धा चुरा झालेला, हार दोऱ्याने पुन्हा ओवला. त्याच दिवशी नटून फोटो काढला आणि "संक्रांतीचा फोटो आत्ता धुऊन आला" म्हणून पाठवून दिला. तोवर आम्ही वरच्या मजल्यावरच्या खोलीत आलो होतो, खिडकीबाहेर लायलॅकचं झाड होतं. रॉचेस्टर या फुलांसाठी प्रसिद्ध आहे, मे महिन्यात इथे त्यांचा मोठा उत्सव भरतो. भिंतीवर ती स्लाइड पडली आणि जांभळ्या फुलांनी खिडकी नुसती भरून गेली. चौकटीवर छापलेलं : मे ७७.

हे म्हणाले, "बरं झालं, प्रिंटवर तारीख नव्हती."

मी वन्संना फोन केला, तो फोटो ट्रंकेत आहे का विचारायला. होता. त्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवला तर सगळा लाल होऊन गेलेला, खिडकीत काय आहे ते ओळखू येत नव्हतं. मग त्यांनी मागची बाजू पाठवली. सासूबाईंचं बारीक, उभं अक्षर, पेन्सिलने :

"सूनबाईची संक्रांत. खिडकीत फुलं आहेत."

त्या गेल्या १९९४ला. त्याआधी मी पाच वेळा सांगलीला गेले, त्यांच्याशेजारी बसून तीळ निवडले, शेंगा फोडल्या. कधी विषय निघाला नाही. दर वर्षी डिसेंबर लागला की त्या एवढंच लिहायच्या, "काही पाठवायचं असेल तर आत्ताच सांग, बोटीला वेळ लागतो."

वन्संना म्हटलं, हा एक फोटो मला द्या, पुढच्या महिन्यात ओळखीतलं कोणी येतंय त्यांच्याबरोबर पाठवा.

"तो नाही देणार," वन्सं म्हणाल्या. "बाकीची ट्रंक घेऊन जा हवी तर."